शहाण्णव मूके

आधी दुरुस्त केलं, मग वाचलं. चौतीस वर्षं छापखान्यात बसून प्रुफं तपासली की माणसाचं दुसरं काही होत नाही. समोर आलेला शब्द शुद्ध आहे की अशुद्ध, एवढंच त्याला आधी दिसतं. शुभ आहे की अशुभ, ते मागाहून. त्या मंगळवारी सकाळी माझं भिंग सापडत नव्हतं. महिनाभर ते घरात भटक्यासारखं फिरत होतं. एकदा साखरेच्या डब्यापाशी, एकदा खिडकीत, एकदा टेबलावरच्या गोल रुमालाच्या मधोमध, जणू कुणी फुलदाणी उचलून तिच्या जागी ते मांडलं होतं. आधी मी स्वतःवर संशय घेतला. निवृत्त माणसाला तो घ्यावाच लागतो. मग बायकोवर घेतला. तिची बॅग दारामागे टांगलेली होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्या बॅगेत कधी हात घातला नव्हता. सभ्यपणा म्हणून नव्हे, उत्सुकताच नव्हती. हात घातला तर भिंग लागलं, आणि भिंगाला गुंडाळलेली एक चिठ्ठी. अक्षर अनोळखी. पुढे कललेलं, घाईचं, वेलांटी लांब ओढणारं. लिहिलं होतं: ‘मधल्या बारा फेऱ्या सोडून दे. गळ्याशी ९६ मूके घे, सैल हाताने. वर चढताना वाढवू नकोस. खाली उतरताना दर फेरीला ८ वाढव. खांद्यापाशी घाई नको. घरी नको, घरी मोजणी चुकते.’ मी कानामागची पेन्सिल काढली, ‘मूके’मधला दीर्घ ऊ खोडला, समासात ह्रस्व काढला, बाकी मजकूर ठीक आहे असं मनाशी म्हटलं, चिठ्ठी घडी घालून बॅगेत परत ठेवली आणि भिंग घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका काढायला बसलो. दुसऱ्या स्तंभाच्या मध्यावर असेन, तेव्हा आपण काय वाचलं ते मला कळलं.

शहाण्णव. शंभर म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. शंभर, हजार, लाख हे आकडे बोलण्यात येतात, ते खरे नसतात. शहाण्णव म्हणजे कुणीतरी बसून मोजलेले. आणि ‘सैल हाताने’! छापखान्यात माझ्या हाताखालून प्रेमाच्या दीडएकशे कादंबऱ्या गेल्या, त्यांतल्या एकाही नायकाला इतका बारकावा सुचला नव्हता. बारा फेऱ्या म्हणजे काय, येण्याजाण्याच्या? त्या ‘मधल्या’ असतील तर त्यांच्या आधीही काही झाल्या असणार आणि नंतरही. मी त्या फेऱ्या पंचांगात बसवून पाहू लागलो. मी निवृत्त झालो पाच महिन्यांपूर्वी. त्याआधी नऊ ते सहा हे घर माझ्याशिवाय काय करत होतं, याची मला काडीची माहिती नव्हती. पण खरं सांगायचं तर मुक्यांपेक्षा मला तो ‘घे’ लागला. ‘घ्या’ नव्हे, ‘घे’. हिला तू म्हणणारं माणूस जगात उरलं होतं कोण? आई गेली, बहीण नाही, भाऊ थोरला असून हिला अहोजाहो करतो, कारण लहानपणी हिने त्याला एकदा मारलं होतं. उरलो मी. आणि हे अक्षर माझं नव्हतं. नुसत्या एका ‘ळ’वरून मी लेखक ओळखतो, हा माझा छापखान्यातला लौकिक, पाकिटावरचा पत्ता दाखवून लोक पैजा लावत. हे अक्षर मी कधीच पाहिलेलं नव्हतं, याची मी शपथ घेतली असती. आमच्या घरात लिहिणारा मी एकटा. वाण्याची यादी ती सांगते, मी लिहितो. फॉर्म मी भरतो, ती सही करते. सही म्हणजे काही अक्षर नव्हे, ते चित्र.

“अहो, भिंग सापडलं का?” आतून आवाज आला.

“सापडलं.”

“कुठे होतं?”

“ड्रॉवरमध्ये.”

आतलं भांडं घासायचं थांबलं. “बरं,” ती म्हणाली, आणि भांडं पुन्हा सुरू झालं. भिंग ड्रॉवरमध्ये नव्हतं हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. घरात त्या घटकेला प्रामाणिक असं एकटं भिंगच होतं, आणि त्यातून पाहावं तर सगळं मोठं दिसत होतं.

आमच्या इमारतीच्या तळाशी एक शिंपी बसतो. गळे, खांदे, मापं हे ज्याचे रोजचे शब्द आहेत असा आमच्या माहितीतला पुरुष तो एकच. माणूस विधुर, हसरा, केसांना कलप लावणारा. म्हणजे संशयाला जे जे लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं. मी सदऱ्याचं एक चांगलं बटण ओढून तोडलं आणि ते हातात घेऊन खाली गेलो. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. मी कधी कुणाला एक धडा शिकवलेला नाही, तरी तो मला मास्तर म्हणतो.

“मास्तर, आज खाली कसे?”

“बटण,” मी म्हणालो. “आणि एक विचारायचं होतं. एका लेखकाच्या हस्तलिखितात आलंय. अर्थ लागत नाही.”

“काय आलंय?”

“मुके.”

त्याने टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. “कुणाचे?”

“तेच तर कळत नाही. गळ्याशी शहाण्णव मुके घे, असं लिहिलंय. सैल हाताने.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत होतो. अपराधी माणूस अशा वेळी डोळे चुकवतो असं कादंबऱ्यांत असतं. हा खो खो हसत सुटला. “सैल हाताने! अहो मास्तर, क्रोशाचा टाका आहे तो. मुका खांब. माझ्या बहिणीचा जन्म त्यात गेला. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. हा त्यातला सगळ्यात बुटका. दिसत नाही, मिरवत नाही, पण धरून ठेवतो. बायका खांब म्हणायचा कंटाळा करतात, नुसते मुके म्हणतात.”

“आणि वर चढताना वाढवू नकोस म्हणजे?”

“गळ्यापासून वर न वाढवता विणत गेलं की नळकांड्यासारखं होतं. मग ते स्वतःच्या वजनाने कोसळतं आणि गळ्याशी असा झोळ पडतो.” त्याने स्वतःच्या गळ्यापाशी हाताने झोळ करून दाखवला. “काऊल गळा म्हणतात. आणि खाली वाढवत नेलं की झाला पोंचो, डोक्यातून घालायची शाल. लेखक विणकाम करतो का तुमचा?”

“काही सांगता येत नाही.”

“विचारून बघा ना त्यालाच.” त्याने बटण उजेडात धरलं. “मास्तर, हे मुद्दाम तोडल्यासारखं दिसतंय.”

सुटकेचा आनंद बावीस पायऱ्या टिकला. तेविसाव्या पायरीवर तो ‘घे’ माझी वाट पाहत उभा होता. संशयाला पुरावा लागतो हा कोर्टाचा गैरसमज आहे. पुरावा काढून घेतला तर तो उलट मोकळा होतो, हातपाय पसरतो. मुके गेले, पण मुके शिकवणारा राहिला. ‘घरी नको’ राहिलं. आणि मधल्या बारा फेऱ्या सोडायच्या त्या कशातून? घरात शिरलो तर समोर टेबल, टेबलावर गोल रुमाल. माझ्या आईने विणलेला, पांढऱ्या दोऱ्याचा, आता साय धरल्यासारखा पिवळट. मी फुलदाणी उचलली. मधल्या भागात लाल डोक्याच्या टाचण्या खोचलेल्या होत्या, एक वर्तुळ करून. केंद्रापासून टाचण्यांपर्यंत मी भिंग लावून फेऱ्या मोजल्या. बारा. पहिल्या फेरीत आठ टाके, पुढे दर फेरीला आठ वाढलेले. बारा अठ्ठे शहाण्णव. हिशेब चोख होता, हे मान्य करावं लागलं. म्हणजे कुणीतरी आमच्या टेबलाशी बसलं होतं, माझ्या आईचे टाके माझ्याच भिंगाने मोजले होते, आणि ठरवलं होतं की मधलं एवढं गाळायचं, तिथून डोकं घालायचं, आणि बाकीचं जाड लोकरीत उतरवून अंगावर घ्यायचं. आईचा रुमाल म्हणजे आमच्या घरातलं एकमेव काम, ज्यात मला कधी चूक सापडली नव्हती. त्यातला मधला भाग कुणी परका गाळतो आणि नमुना बिघडत नाही, उलट त्यात माणूस मावतं! मला त्या परक्याचा राग आला, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे थोडं कौतुकही वाटलं. मला हे सुचलं नसतं. मला गाळायचं म्हटलं की फक्त चूक सुचते.

लोकर म्हणताना काहीतरी आठवलं. महिन्यापूर्वी जेवताना ती म्हणाली होती, “त्या दुकानात मला हवी तशी राखाडी लोकर नाहीच भेटली.” आणि मी म्हणालो होतो, “मिळाली नाही. माणसं भेटतात, वस्तू मिळतात.” ती उठून भात आणायला गेली होती. आता त्या वाक्याकडे पाहिलं तर त्यात लोकर होती, रंग होता, दुकान होतं, आणि त्याच्या पुढे आणखी एखादं वाक्य निघायचं होतं. मी त्यातलं क्रियापद तेवढं उचललं होतं. अशी किती वाक्यं असतील? थंडी लागते की वाजते, यावर एकदा आमचं पाऊण तास झालं होतं, आणि त्या पाऊण तासात खिडकी उघडीच राहिली होती. मला वाटलं, त्या दुसऱ्या कुणाला ती हे सगळं पूर्ण सांगत असणार. लोकर भेटली नाही म्हणून. तो म्हणत असणार, मग पुढे? संशयाचं तोंड इथे पहिल्यांदा मला नीट दिसलं. शहाण्णव मुक्यांनी माझं जेवढं जाणार नव्हतं, तेवढं या ‘मग पुढे?’ने जात होतं. बाई उठून दुसऱ्याच्या घरी गेली तर निदान लोकांना सांगता येतं. बोलणं उठून गेलं तर कुणाला सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

दुपारी तीनला तिने बॅग घेतली. “जरा जाऊन येते.”

“कुठे?”

“इथेच.”

हे ‘इथेच’ मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं, पाच महिने. मी तिला रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊ दिलं आणि मागे निघालो. कुणाचा पाठलाग करणं किती अवघड असतं हे ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. विशेषतः वाटेत पाट्या असतील तर. ‘येथे जूने फर्निचर दूरुस्त करुन मिळेल’ या पाटीपाशी मी थांबलो आणि ती जवळजवळ सुटलीच. ती पोस्टात शिरली. मी समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. पोस्टाला रस्त्याकडून मोठी काच आहे. काचेमागे भिंतीला लागून तीन लांब बाक, टोकन घेऊन लोक बसतात. ती मधल्या बाकावर बसली. टोकन घेतलं नाही. शेजारी एक टकला गृहस्थ पार्सल मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा नंबर लागला, तो उठून गेला, त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचाही थोडा राग आला. तिने बॅगेतून राखाडी लोकरीचा मोठा ढीग काढला आणि आकड्याची सुई. हात चालू लागले. ओठ हलत होते. कुणाशी बोलते म्हणून मी रस्ता ओलांडून काचेवर हाताचा आडोसा धरून पाहिलं. कुणाशीच नाही. मी पायरीवर परत आलो. मोजत होती. मध्येच थांबून स्वतःशी हसली, मान हलवली, पुन्हा मोजू लागली. मग तिने तो ढीग दोन्ही हातांनी उचलून त्यातून डोकं घातलं. गळ्याशी लोकरीचा झोळ पडला, खांदे राखाडी झाले, आणि भर पोस्टात, बचतपत्रांच्या रांगेसमोर, ती माझ्या ओळखीची नव्हती अशी दिसली. वाईट नव्हे. ज्याची प्रुफं आपण तपासली नाहीत अशा छापून आलेल्या पुस्तकासारखी. खिडकीमागचा कारकून काहीतरी बोलला, तिने हसून काहीतरी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक, आणि त्यातला एकही शब्द मला ऐकू आला नाही, म्हणून तो शुद्धच असणार.

मग तिने पोस्टाच्या दोरीला बांधलेलं पेन ओढलं, एक चिठोरं गुडघ्यावर ठेवलं आणि लिहू लागली. जिभेचं टोक ओठावर आणून, मान डावीकडे टाकून, भराभर. मी माझ्या बायकोला लिहिताना पाहत होतो. हे मी कधी पाहिलं होतं? नव्हतं पाहिलं. पण चिठ्ठीतलं ते अक्षर मी पाहिलं होतं, एकदाच, आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ते सगळंच्या सगळं माझ्यापुढे आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तीन आठवडे आईकडे गेली होती, तेव्हा तिथून पत्र आलं होतं. चार पानं. आईचं गुडघ्याचं दुखणं, शेजारणीची मांजर, रात्री झोप लागत नाही ती का लागत नाही, सगळं. मी नुकताच छापखान्यात कायम झालो होतो आणि लाल शाई माझ्या खिशात नवी होती. ते पत्र मी तपासून परतीच्या टपालाने पाठवलं. समासात खुणा, खाली ‘चुका २३, एकंदरीत समाधानकारक’, सही, दिनांक. गंमत म्हणून! ही गंमत मी पुढे वर्षानुवर्षं लोकांना सांगितली. छापखान्यात ऐकून लोक टेबलावर हात आपटायचे, घरी पाहुणे आले की सांगायचो, आणि तीही चहाचे कप ठेवता ठेवता हसायची. पत्राच्या शेवटी लिहिलेलं होतं, ‘एक मूका.’ विसावी की एकविसावी चूक होती ती. मी दुरुस्त केली. त्यानंतर तिने मला पत्र लिहिलं नाही. मला वाटलं, आता फोन आहेत.

स्वतःला तू म्हणणारं माणूस. हे मला सुचलंच नाही. चौतीस वर्षं लोकांच्या वाक्यांचे कर्ते शोधून दिले आणि या वाक्याचा कर्ता शोधत शिंप्यापर्यंत गेलो. मला हायसं वाटायला हवं होतं. तेवढ्यात काचेमागे तिने बॅगेतून दुसरी चिठ्ठी काढली, सकाळची, आणि उलगडली. पुढची फेरी पाहायची असेल. चोरदेखील पावलांचे ठसे पुसतो. मी मात्र समासात खूण करून आलो होतो. तिचा हात थांबला. ती चिठ्ठी तिने डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग मांडीवर ठेवली. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. पोंचो डोक्यातून काढला, घडी घातला, बॅगेत ठेवला आणि नुसतीच बसली, टोकन नसलेल्या माणसासारखी. वर आकडे बदलत होते. मी तिथून निघालो. जुन्या फर्निचरच्या पाटीकडे मान वर करून पाहिलं नाही.

ती आली तेव्हा पाच वाजले होते. चप्पल काढली, बॅग टांगली, चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, आईच्या रुमालावर, उघडी. तिच्या शेजारी माझी पेन्सिल. मग हातपाय धुवायला गेली. आत नळ वाहत होता. मी चिठ्ठीसमोर बसलो. खोडरबर होतं घरात. पण खोडलेलं खोडलं की कागदावर मळकट डाग राहतो, आणि तो सगळ्यांत आधी दिसतो. मी पेन्सिल उचलली. सकाळचा माझा ह्रस्व समासात होता, त्यावर रेघ मारली. मग ‘मूके’ या शब्दाखाली, सावकाश, तीन ठिपके दिले आणि समासात लिहिलं, ‘तसंच ठेवा.’

ती पदराला हात पुसत आली. वाकून पाहिलं. “हे ठिपके कसले?”

“खूण असते ती. तपासणाऱ्याने नको तिथे खोडलं असेल, तर त्या शब्दाखाली ठिपके द्यायचे. म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी मूळचं ठेवतो.”

“पण मूळचं चूकच आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“असू दे.”

ती माझ्यासमोर बसली. “तेवीस होत्या,” म्हणाली. “तेव्हा ठिपके एकालाही नव्हते.”

मी पेन्सिल रुमालावर ठेवली. बोललो असतो तर वाक्य बरोबर आलं असतं, याचीच मला भीती वाटली.

“औषधवाल्याच्या पायरीवर उभे होतात,” ती म्हणाली. “मध्येच काचेला नाक लावून. खिडकीमागच्या कारकुनाने मला विचारलं, ते गृहस्थ कोण? सकाळी भिंग ड्रॉवरमध्ये सापडलं तेव्हापासूनच म्हटलं, काहीतरी शिजतंय.”

“मला वाटलं, तुला कुणीतरी तू म्हणतंय.”

“कुणीतरी म्हणायला हवंच ना. तुम्ही ‘अगं’ म्हणता.” ती हसली नाही, पण हसणं फार लांबही नव्हतं. “घरी मोजणी का चुकते माहितीये? मी साठावर आले की तुम्ही काहीतरी दुरुस्त करता.”

“कुणासाठी करतेस तो?”

“हा प्रश्न सकाळी विचारला असता तर बटण वाचलं असतं. शिंप्याने सांगितलं मला. माझ्यासाठी. त्या खिडकीत गार लागतं मला. वाजतं की काय, ते तुम्ही बघा.”

“लागतं,” मी म्हणालो. “मग पुढे?”

तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. संशयानेच, तेवढा तिचा हक्क होता. मग उठून बॅगेतून पोंचो आणला आणि त्याचा गळा माझ्यापुढे रुमालावर पसरला. राखाडी लोकर, तिच्याखाली आईचा पांढरा दोरा, दोन्हींवर तोच नमुना, एकात मधोमध जागा मोकळी. “तपासायचीच हौस आहे ना? मोजा. गळ्याची पहिली फेरी. मोठ्याने नको.”

मी भिंग लावलं. टाके बुटके, एकमेकांना चिकटलेले, कुठेही पुढे पुढे न करणारे. साठावर आलो तेव्हा ती काही बोलेल असं वाटलं, पण ती बोलली नाही. फेरी पुरी झाली. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा केली.

“पंच्याण्णव.”

“शहाण्णव आहेत.”

“मी दोनदा मोजले.”

“दहादा मोजा. जोडाच्या आत बघा, साखळीखाली दडलेला असतो तो,” ती म्हणाली. “पहिला तुम्ही धरलाच नाहीत.”

मी भिंग बाजूला ठेवलं. बोटाने चाचपत जोडापाशी आलो, तो सापडला, आणि मोजणी नव्याने सुरू करत म्हणालो, “एक.”